मुंबई महापालिकेचा पाणीपुरवठा: सात तलावांचं पाणी आणि वाटेत हरवणारा तिसरा हिस्सा

दुकानात पाण्याची एक लिटरची बाटली २० रुपयांना मिळते. तेवढ्याच पैशांत मुंबई महापालिका इमारतीतल्या कुटुंबाला तीन हजार लिटर पाणी देते. हे पाणी शंभर किलोमीटरहून लांबून आणलेलं, गाळलेलं आणि क्लोरीन घातलेलं असतं. घरगुती दर हजार लिटरला साधारण ६ रुपये आहे. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याच्या दर्जाला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ. मात्र ही सेवा नळापाशी सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. पाणी कोणाच्या खोऱ्यातून येतं, कोणत्या हक्काने येतं आणि वाटेत किती गळतं, हे पाहिल्यावर गुण झपाट्याने उतरतात.

आधी हक्काचं बघू. रोज सकाळी ६ वाजता महापालिका सात तलावांचा साठा जाहीर करते. तलाव भरलेले असतील तर एकूण आकडा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यात भातसाचे ७,१७,०३७, अप्पर वैतरणाचे २,२७,०४७, मध्य वैतरणाचे १,९३,५३०, तानसाचे १,४५,०८०, मोडक सागरचे १,२८,९२५, विहारचे २७,६९८ आणि तुळशीचे ८,०४६. बातमीत ही यादी एका दमात वाचली जाते, त्यामुळे सातही तलाव मुंबईचेच असा समज होतो. तसं नाही. विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२), मोडक सागर (१९५७) आणि मध्य वैतरणा (२०१४) महापालिकेच्या मालकीचे आहेत. भातसा आणि अप्पर वैतरणा ही राज्याच्या जलसंपदा विभागाची धरणं आहेत आणि मुंबईला त्यांतला ठरवून दिलेला वाटा मिळतो. या दोघांची बेरीज ९,४४,०८४ होते, म्हणजे शहराच्या साठ्याचा ६५ टक्के भाग. ज्या महानगराचं अंदाजपत्रक काही राज्यांपेक्षा मोठं आहे, त्याच्या पाण्याचा दोन तृतीयांश भाग दुसऱ्याच्या धरणातल्या वाट्यावर उभा आहे.

याचा प्रत्यय दर उन्हाळ्यात येतो. पाऊस लांबला की महापालिकेला मंत्रालयाकडे राखीव साठा मागावा लागतो. २०२४ मध्ये भातसातून १,३७,००० आणि अप्पर वैतरणातून ९१,१३० दशलक्ष लिटर मंजूर झाले. रोजच्या ३,९०० दशलक्ष लिटरच्या पुरवठ्याने भागलं तर हे पाणी साधारण ५८ दिवसांचं होतं. हा आधार नसता तर त्या जूनमध्ये १० टक्के कपातीवर भागलं नसतं.

आता हे पाणी येतं कसं ते पाहू, कारण या सेवेचा सर्वांत सुंदर भाग हाच आहे. वैतरणा नदीवर धरणांचा जिना आहे. अप्पर वैतरणा ओसंडतं ६०३.५१ मीटरवर, मध्य वैतरणा २८५ मीटरवर, मोडक सागर १६३.१५ वर. वरचं पाणी वीजगृहातून जाऊन नदीत उतरतं, मधल्या धरणात थांबतं, खालच्या धरणात येतं आणि तिथून बोगदे-जलवाहिन्यांनी बहुतांश उतारानेच भांडुपपर्यंत पोचतं. पंप नाही म्हणून विजेचं बिल नाही, आणि वीज गेली म्हणून पाणी थांबत नाही. जुन्या अभियंत्यांनी घेतलेला हा उंचीचा फायदा आजही दरात दिसतो.

भातसाचं गणित उलटं आहे. धरण ओसंडतं १४२.०७ मीटरवर, पण पाणी नदीपात्रात सोडलं जातं आणि बरंच खाली पिसे बंधाऱ्यावर अडवून उचललं जातं. म्हणजे धरणाने कमावलेली उंची नदीत खर्च होते आणि मग तीच विजेवर परत विकत घ्यावी लागते. पिसेहून काही पाणी पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होतं, उरलेलं भांडुपला येतं. शहराचं निम्म्याच्या आसपास पाणी या एका बंधाऱ्यातून आणि एका पंपघरातून जात असल्याने तिथली प्रत्येक खोट घराघरांत जाणवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिसेच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि शहरात १५ टक्के कपात करावी लागली. धरणात पाणी होतं, ते उचलायची सोय नव्हती. तलावसाठ्याच्या टक्क्यांकडे बघून बसणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

शुद्धीकरणाबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण ते नीट चालतं. तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने गाळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळायचं, शेवटी क्लोरीन द्यायचं. जुलैत नदी लाल होते तेव्हा औषधाचं प्रमाण वाढवतात. त्या दिवसांत नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, आणि तो वास चांगलं लक्षण आहे. शहरभर रोज नमुने तपासले जातात आणि अलीकडच्या वर्षांत अयोग्य नमुन्यांचं प्रमाण टक्क्याच्या आसपास राहिलं आहे. शिवाय तानसा आणि मोडक सागर यांच्या भोवतीचं जंगल हा आपला पहिला फिल्टर आहे. माती धरून ठेवणारं ते रान तोडलं तर पुढच्या सगळ्या यंत्रांवरचा भार वाढतो. मुंबईसाठी प्रस्तावित असलेल्या गारगाई धरणाच्या चर्चेत हा मुद्दा लोक विसरतात.

खरा प्रश्न भांडुपनंतर सुरू होतो.

मुंबईचं पाणी चोवीस तास येत नाही. प्रत्येक भागाची वेळ ठरलेली असते आणि खात्याचे चावीवाले रोज शेकडो व्हॉल्व्ह फिरवून एका भागातून दुसऱ्या भागात पाणी वळवतात. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, टेकडीवरच्या गल्लीसाठी कोणता आधी बंद करायचा, हे ज्ञान नकाशापेक्षा त्यांच्या हातात जास्त आहे. ही माणसं निवृत्त होतात तेव्हा ते ज्ञानही जातं. त्याची नोंद व्हायलाच हवी. पण यातली मुख्य अडचण यंत्रशास्त्राची आहे. पाणी सुरू असताना नळीला जिथे भोक असतं तिथून ते बाहेर गळतं. बंद झाल्यावर नळी रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि त्याच भोकातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशीची पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ पाणी येतं ते यामुळे. भांडुपहून निघालेलं पाणी उत्तम असलं तरी तुमच्या गल्लीत बिघडू शकतं ते असं.

त्यातच कोणी थेट लाइनला मोटर लावली की ओढ आणखी वाढते. असं करणारा शेजाऱ्याचं पाणी तर पळवतोच, शिवाय सगळ्या गल्लीच्या पाण्यात गटार ओढून आणतो. अशी मोटर दिसली तर गप्प बसू नये. तक्रारीसाठी १९१६ हा क्रमांक आहे. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि दोन दिवसांत कोणी आलं नाही तर तोच क्रमांक घेऊन वॉर्ड ऑफिसात जलकामे विभागाच्या सहायक अभियंत्याकडे जा. तोंडी तक्रारीपेक्षा क्रमांकावर काम लवकर हलतं.

गळतीचा आकडा मोठा आहे. निघालेल्या पाण्याचा जवळपास तिसरा हिस्सा गळती, चोरी आणि बंद मीटर यांत जातो, असं महापालिकेचीच आकडेवारी सांगते. ३,९०० चा तिसरा हिस्सा म्हणजे रोज १,३०० दशलक्ष लिटर. प्रस्तावित गारगाई धरण रोज ४४० दशलक्ष लिटर देणार आहे. म्हणजे जवळपास तीन गारगाई रोज हिशेबाबाहेर जातात. यातला काही भाग प्रत्यक्ष गळत नाही, तो कोणीतरी वापरतो आणि फक्त बिलात येत नाही, हे मान्य. तरी निम्मंच पाणी जमिनीत जातं असं धरलं तरी दीड गारगाई झाली.

हे गळतं कुठे? लोकांना वाटतं फुटलेल्या मोठ्या जलवाहिनीतून. ती फुटली की रस्ता वाहतो, कॅमेरे येतात आणि एका दिवसात दुरुस्ती होते. खरी गळती लहान जोडण्यांत असते. मुख्य नळीला जिथे फेरूल, म्हणजे छोटा जोड, बसवून पाऊण इंची जोडणी काढलेली असते तो सांधा, आणि तिथून घरापर्यंत जाणारी जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) नळी. दाट वस्तीत अशा पंधरा-वीस नळ्यांची जुडी गटाराच्या कडेने किंवा थेट गटारातून नेलेली दिसते. नळी बाहेरून गंजते, पण ते दिसत नाही. दक्षिण मुंबईत बिडाच्या जुन्या नळ्या खारट मातीत झिजल्या आहेत आणि वर जड वाहतूक आहे. त्यात पाणी दिवसातून काही तासच असल्यामुळे गळती शोधायला तेवढाच वेळ मिळतो. रात्रीच्या शांततेत साउंडिंग रॉड कानाला लावून सळसळ ऐकायची, तर नेमक्या त्या वेळी त्या गल्लीत पाणीच नसतं. चोवीस तास पुरवठ्याचा मोठा फायदा हाच आहे. दाब कायम राहिला की गळती बोलू लागते आणि घाणही आत येत नाही. वांद्रे-खार आणि मुलुंड या भागांत २०१४ पासून हा प्रयोग झाला, पण तो पूर्णपणे उभा राहिला नाही. तो गुंडाळून न ठेवता लहान क्षेत्रं निवडून, तिथली प्रत्येक जोडणी बदलून पुन्हा करायला हवा.

कपात म्हणजे काय, तेही समजून घ्या. १० टक्के कपात जाहीर झाली म्हणजे प्रत्येक घराला १० टक्के कमी असा अर्थ होत नाही. पाण्याची वेळ किंवा दाब कमी होतो. सखल भागातली, मोठ्या टाकीची इमारत तेवढ्या वेळातही टाकी भरून घेते. टेकडीवरच्या आणि लाइनच्या शेवटच्या वस्तीत दाब पोचतच नाही, तिथे कपात ५० टक्के होते, कधी पूर्ण होते. दहा मीटर उंची चढायला साधारण एक किलोचा दाब लागतो, आणि कपातीत पहिला जातो तो हाच शेवटचा किलो.

एवढा त्रास देऊन वाचतं किती? ५ जून ते २८ जुलै २०२४ या ५४ दिवसांत १० टक्के कपात होती. रोज ३९० दशलक्ष लिटर वाचले असं धरलं तर एकूण २१ हजार दशलक्ष लिटर झाले, म्हणजे शहराचं साडेपाच दिवसांचं पाणी. आता दुसरीकडे बघा. गळतीचा फक्त दहावा भाग, रोज १३० दशलक्ष लिटर, वर्षभर थांबवला तर ४७ हजार दशलक्ष लिटर वाचतात. कपातीच्या दुप्पट आणि वर. त्यासाठी कोणाच्या हंड्यावर टाच येत नाही.

महापालिकेच्या बचतीच्या उपायांत आम्हाला सर्वांत पटलेला उपाय चढत्या दराचा आहे. माणशी रोज १५० लिटरपर्यंत मूळ दर, १५० ते २०० या टप्प्याला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट, त्यावर चौपट. कुटुंब पाच माणसांचं धरतात, म्हणजे एका घराला रोज ७५० लिटर मूळ दराने. बिलात पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिस्सारण आकारही जोडला जातो. चाळीस घरांच्या सोसायटीचा हिशेब करून बघू. मर्यादेत राहिलं तर महिन्याला ९०० हजार लिटर, ६ रुपयांनी ५,४०० रुपये, वर ७० टक्के धरून ९,१८० रुपये. घरटी २३० रुपये. तीच सोसायटी माणशी २०० लिटरवर गेली की वरच्या ३०० हजार लिटरला १२ रुपयांचा दर लागतो. पाणीपट्टी ९,००० आणि एकूण १५,३०० रुपये. वापर एक तृतीयांशाने वाढला आणि बिल दोन तृतीयांशाने. रचना योग्य आहे, पण एका जागी तिचा परिणाम पुसला जातो. मीटर इमारतीला एकच असतो आणि बिल घरटी सारखं वाटलं जातं. जपून वापरणारा आणि उधळणारा दोघंही तेवढेच भरतात. नव्या इमारतींत घरागणिक मीटर नसेल तर चढत्या दराचा धाक घरापर्यंत पोचत नाही. जुन्या इमारतीत एका घराला तीन-चार उभ्या नळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे तिथे मीटर बसवणं महाग पडतं. तिथे निदान गळती शोधणं सोसायटीच्या हातात आहे.

त्याची पद्धत अशी. पाणी येत असताना खालच्या टाकीतल्या बॉलकॉकचा चेंडू वर उचलून बांधा, म्हणजे टाकीत येणारं पाणी थांबेल. आता मीटरचा काटा थांबायला हवा. फिरत राहिला तर मीटर आणि टाकी यांच्यामधली नळी गळते आहे, आणि ते पाणी तुमच्या बिलात आहे. नंतर पाण्याची वेळ संपल्यावर पंप बंद ठेवून खालच्या टाकीच्या भिंतीवर पातळीची खूण करा आणि चार तासांनी पुन्हा बघा. चार बाय तीन मीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. चार तासांत दोन सेंटिमीटर उतरलं तर दिवसाला १,४४० लिटर जात आहेत. टाकीला चीर आहे. अशी चीर भरण्यात चालढकल करू नका, कारण टाकी रिकामी असताना त्याच चिरेतून बाहेरचं पाणी आत येतं. तिसरी तपासणी गच्चीवर करायची: मध्यरात्रीनंतर पातळीची खूण, पहाटे चारला पुन्हा खूण. सगळे झोपलेले असताना पाणी उतरत असेल तर बहुतेक वेळा फ्लशच्या टाक्या गळत असतात. त्या शोधायला हळद पुरते. टाकीत चमचाभर हळदीचं पाणी घाला, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं तर आतलं वॉशर गेलं आहे. वॉशर स्वस्त असतं, पण अशी एक टाकी दिवसाला शेकडो लिटर घालवते.

मीटरचा फोटो दर महिन्याला एका ठराविक तारखेला काढून ठेवा. मीटर बंद पडला की बिल सरासरीवर येतं, आणि ती सरासरी जुन्या गळतीच्या काळातली असेल तर भांडायला हातात काही उरत नाही. दुसरी गोष्ट हवेची. रिकाम्या नळीत पाणी शिरतं तेव्हा पुढची हवा मीटरमधून जाते आणि काटा पळवते. लाइनच्या टोकाच्या इमारतींना हे जास्त जाणवतं. पाणी सुरू होण्याच्या वेळी मीटर जोरात फिरतो पण टाकीत धार पडत नाही, असं दिसलं तर त्याचा व्हिडिओ काढून वॉर्डात द्या आणि हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह मागा. मीटरच्या आधीच्या भागाला स्वतः हात लावू नका. ते काम परवानाधारक प्लंबरने खात्याच्या परवानगीनेच करायचं असतं.

टाक्या वर्षातून दोनदा धुवायच्या, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. धुतल्यावर नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन तपासा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकून रंग जुळवायचं किट बाजारात मिळतं. खालच्या टाकीत क्लोरीन आहे आणि वरच्या टाकीत नाही, असं आढळलं तर पाणी वर फार वेळ साठून राहतं आहे किंवा तिथे घाण आहे.

पावसाचं पाणी साठवण्याचा नियम मुंबईत २००२ पासून आहे. आधी तो हजार चौरस मीटरवरच्या भूखंडांना लागू होता. कागदावर उत्तम. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, वीस टक्के वजा केले तरी ८८० हजार लिटर होतात. अडचण अशी की हे सगळं चार महिन्यांत येतं. एका दिवसात १०० मिलिमीटर कोसळला तर ४० हजार लिटर, आणि सोसायटीची टाकी २० हजारांची. ती सकाळीच भरून वाहते. म्हणून टाकीवर भर न देता जमिनीत मुरवण्यावर द्यायला हवा. मुंबईखालचा काळा पाषाण पाणी पटकन घेत नाही, त्यामुळे नुसता खड्डा खणून विटांचे तुकडे भरले तर तो दोन पावसाळ्यांत गाळाने बुजतो. बोअर किंवा जुनी विहीर असेल तर आधी गाळणी, मग तिच्यात पाणी सोडायचं. पहिल्या पावसाचे दोन मिलिमीटर, म्हणजे या गच्चीवरचं हजार लिटर, बाहेर सोडून द्यायचं कारण त्यात सगळी धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. भोगवटा प्रमाणपत्रासाठी बांधलेल्या आणि नंतर कोणी न उघडलेल्या यंत्रणा शहरात फार आहेत. महापालिकेने नियम केला, पण दर मे महिन्यात ते झाकण उघडून बघणारा माणूस नेमला नाही.

सांडपाण्याच्या बाबतीत मात्र मोठी उडी घेतली जात आहे. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात केंद्रं उभी राहत आहेत. रोज आणल्या जाणाऱ्या पाण्याच्या साठ टक्क्यांहून अधिक. यातलं बरंचसं आणखी शुद्ध करून बांधकाम, बागा, कारखाने आणि फ्लशसाठी वापरता येईल. चेंबूरचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना अनेक वर्षं शहराचं सांडपाणी शुद्ध करून आपल्या प्रक्रियेत वापरतो, म्हणजे तंत्र सिद्ध आहे. उणीव दुसऱ्या नळीची आहे. केंद्र तयार झालं आणि तिथून पाणी घेऊन जाणारी वेगळी वाहिनी नसेल तर शुद्ध केलेलं पाणी पुन्हा समुद्रातच जाईल. केंद्रांच्या निविदा निघाल्या तशाच वाहिन्यांच्याही आत्ताच निघायला हव्यात.

वाटपाबद्दल लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरं होत नाही. रोजचं ३,९०० दशलक्ष लिटर २०११ च्या जनगणनेतल्या १ कोटी २४ लाखांना भागलं तर माणशी ३१० लिटरहून जास्त येतं. वाढलेली लोकसंख्या धरली आणि गळती वजा केली तरी १५० च्या वर उरायला हवं. तरीही इमारतीसाठी मानक १३५ ते १५० लिटर आणि झोपडपट्टीसाठी ४५ लिटर, अशी दोन मापं वर्षानुवर्षं राहिली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर अनधिकृत असलं म्हणून माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं. धोरण चांगलं आहे. ज्याला नळ मिळत नाही तो पाणी फुकट घेत नाही, टँकरवाल्याकडून किंवा शेजारच्या नळावरून पालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून घेतो. जोडणी दिली की चोरी कमी होते, बिल येतं आणि गटारातल्या नळ्यांची जुडीही सुटते. गळती कमी करण्याचा हा थेट मार्ग आहे, आणि त्या दृष्टीनेच वॉर्डातल्या अभियंत्यांनी या अर्जांकडे बघावं.

आणि ज्यांच्या खोऱ्यातून पाणी येतं त्यांचं काय? 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण शहापूर तालुक्यात उन्हाळ्यागणिक खरी ठरते. भातसा आणि तानसा तिथे, मोडक सागर शेजारी, आणि एप्रिलपासून आदिवासी पाड्यांवर टँकर. मुंबईच्या जलवाहिन्या याच तालुक्यातून जातात. धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्याला पाणी उचलून द्यावं लागतं आणि त्याला वीज, पंप, देखभाल लागते, ही तांत्रिक अडचण खरी आहे. पण मुंबईसाठी पिसेवर रोज किती पाणी उचललं जातं ते पाहिलं की शहापूरच्या पाड्यांना लागणारं पाणी त्यात थेंबाएवढं आहे. गारगाईसाठी वाडा तालुक्यातली आणखी गावं हलवण्याआधी आणि तानसा अभयारण्याच्या हद्दीतली झाडं तोडण्याआधी, जुन्या धरणांच्या काठची ही देणी चुकती व्हायला हवीत. शहराला आणखी पाणी कधीच लागणार नाही असं आमचं म्हणणं नाही. मुंबईच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या १९९४ च्या चितळे समितीने मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही धरणं सुचवली ती वाढत्या गरजेचा हिशेब करूनच. पण त्यातलं एक धरण झालं, दोन बाकी आहेत, आणि तीन धरणांएवढं पाणी अजून हिशेबाबाहेर आहे.

म्हणून एक साधी मागणी, आणि ती पूर्ण करायला एकही झाड तोडावं लागत नाही. सकाळी ६ वाजता तलावसाठ्याचा तक्ता निघतो. त्याखाली आणखी दोन रकाने छापा: काल प्रत्येक वॉर्डात किती पाणी सोडलं, आणि त्यातलं किती पाणी ग्राहकांच्या मीटरवर नोंदलं गेलं. वॉर्डाच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवले आणि ग्राहकांचे चालू मीटर दूरून वाचता आले, तर हे दोन्ही आकडे रोज मिळू शकतात.